पुसलेला ठिपका

सायली, तुझं ते चाललं.

हे आधी सांगून टाकते. मी लिहायला बसले की पाल्हाळ लावते आणि मुख्य गोष्ट राहून जाते, हे तूच म्हणायचीस. मॅडमनी कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. जन्म, शिक्षण, स्वभाव, आवडीनिवडी. मी सुरुवात केली होती, पण "सायलीला वाचनाची आवड होती" असं लिहिल्यावर मलाच हसू आलं. तुला कसलीच वाचनाची आवड नव्हती. तुला मारामारीची आवड होती. मग ते खोडलं आणि आता तुलाच लिहिते आहे. अंकात छापलं तर छापू देत.

तुला रोह्याजवळ वरशाला, तुमच्या घरी परत आणलं त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराशी उभी होते. तुझे बाबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, रडतील, मग मी काय करू? ते रडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तुमचं ते चाललं का गो? हॉस्पिटलात पण तेच बोलत होती."

चाललं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे तेवढा एकच प्रश्न होता. तू का गेलीस, हे मी कुणाला विचारणार होते? तुझं ते का चालत नाही, हे तरी विचारता येण्यासारखं होतं.

अंक वाचणाऱ्यांना 'ते' म्हणजे काय हे सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आमच्या पेणजवळच्या हमरापूरच्या कारखान्यातूनच जावं लागेल. तू पण तसंच सांगायचीस.

आमच्या गावात गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत. आमच्या शेडमध्ये रंगकाम चालू असतानाच बाबा मूर्ती तपासत फिरतात, कारण काम थांबवून तपासायचं म्हटलं तर माल कधी निघणार? पहिल्या फेरीत ते सगळ्या मूर्ती बघतात. पण त्यांची पाठ वळली की कुणीतरी तपासलेल्या मूर्तीचा सोंडेवरचा रंग परत सारखा करतं. म्हणून आमच्याकडे रीत आहे. ज्यानं हात लावला त्यानं त्या मूर्तीच्या पाटावर ओल्या कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, ठिपका लावायचा. दुसऱ्या फेरीत बाबा फक्त ठिपकेवाल्या बघतात आणि ओल्या फडक्यानं ठिपका पुसून पुढे जातात. तिसऱ्या फेरीत आणखी थोड्या उरतात. अगदी चार-दोन उरल्या की ते ओरडतात, "हात वर!" सगळे ब्रश वर धरतात, बाबा उरलेल्या बघतात, आणि माल पेंढ्यात बांधून रामवाडीला टेम्पोकडे जातो.

सायली, तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा हे सगळं बघून कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मयू, अगो हे तर आपलं माइग्रेशन हाय!"

आणि खरंच तसंच होतं. एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कॉम्प्युटर चालतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवायची, आणि वापरणाऱ्याला कळू द्यायचं नाही. तिची सगळी मेमरी पानापानानं पलीकडे पाठवायची. पाठवून झालेल्या पानांवर मधल्या काळात काही लिहिलं गेलं तर तेवढ्याच पानांवर खूण करायची आणि ती परत पाठवायची. अगदी थोडी उरली की क्षणभर "हात वर", उरलेली पाठवायची, आणि पलीकडे मशीन जिथल्या तिथून चालू. बाबांना हे समजावलं तेव्हा ते शेजाऱ्यांना सांगत सुटले, "पोरगी कॉम्प्युटर हलवायला शिकते." शेजारी म्हणाले, "मग आमचं कपाट पण हलव की."

अडचण मामाची होती. माझा मामा आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. आखणीवाल्याला कुणी काही विचारत नाही. तो आपला एका कडेला बसतो, त्याला हव्या त्या मूर्तीला हात लावतो, आणि ठिपका लावत नाही. तुला आठवतं का, तू मदतीला म्हणून एक मूर्ती उचललीस? पाट कोरा होता म्हणून बिनधास्त धरलीस. तुझा अंगठा थेट गणपतीच्या डाव्या डोळ्यावर. पापणी ओली होती. मामा एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरचं कुत्रं उठलं.

"अगो बाय, आंधळा केलास ना देव!"

तू घाबरायचं सोडून त्याच्याशीच भांडलीस. "मग ठिपका का नाय लावलात मामा?"

"मी ठिपके लावत बसू तर डोळे कोण काढणार? तुझा बापूस?"

तू अंगठ्यावरचा काळा रंग बघत उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "तुझा मामा म्हणजे नेटवर्क कार्ड हाय."

आपला प्रकल्प तिथे ठरला. काही मशीनना नेटवर्क कार्डासारखं खरं उपकरण थेट जोडून दिलेलं असतं, वेग मिळावा म्हणून. ते उपकरण प्रोसेसरला न विचारता सरळ मेमरीत लिहितं. त्यानं कुठल्या पानावर लिहिलं हे मग कुणालाच कळत नाही. अशी मशीन हलवायची कशी?

त्यावर आपण वर्षभर भांडलो. माझं म्हणणं साधं होतं. मामाच्या कडेच्या सगळ्या मूर्ती ओल्याच धरायच्या. बाबा तेच करायचे, दर फेरीला तिकडच्या सगळ्या परत बघायचे. म्हणजे उपकरण जिथे जिथे लिहू शकतं ती सगळीच पानं बदलली असं मानायचं आणि शेवटी मशीन थांबवून सगळी पाठवायची. वेळ लागतो. पण चूक होत नाही.

"मग चालू मशीन हलवली कुठं? ती तर थांबवलीस," तू म्हणायचीस.

"थोडा वेळ."

"तू ना, सगळ्या जगाला ओलं धरतेस. हात म्हणून लावायचा नाय कशाला. भित्री भागूबाई."

मी भित्री आहे हे खरंच आहे. आमच्या घरात मी कॉलेजला जाणारी पहिली. माझ्याकडून चूक झाली तर ती निस्तरायला घरात दुसरं कुणी नाही, असं मला कायम वाटतं. तुला तसं कधी वाटलं नाही. तुझे बाबा कंपनीत शिफ्टला, आई घरी, तूही तुझ्या घरातली पहिलीच. पण तू रोह्याहून एस.टी.नं यायचीस ती जणू कॉलेज तुझ्या आजोबांनी बांधलंय अशी.

तुझी युक्ती वेगळी होती, आणि तीही तुला आमच्या शेडमध्येच सुचली. मामा स्वतः उठून मूर्ती घेत नाही. त्याच्या समोर आई बसते. मूर्ती पुढे सरकवायची, पाट फिरवायचा, झालं की बाजूला घ्यायची, हे तिचं काम. मामाचा हात लागलेली प्रत्येक मूर्ती आईच्या हातातून जाते. "मग मामाला कशाला त्रास? ठिपका आई लावंल!" यंत्रातही कार्ड आणि मेमरी यांच्या मधे असा एक भाग असतो. कार्डाला कुठलंही पान गाठायचं तर त्याच्याकडे पत्ता विचारावा लागतो. खूण त्यानंच करायची. नव्या महागड्या यंत्रांत ती सोय असते. आपल्याला तसलं यंत्र कोण देणार? म्हणून आपण त्याची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल केली आणि तू त्या भागाचं नाव 'आई' ठेवलंस. मॅडमनी विचारलं, हे कसलं नाव? तू म्हणालीस, "मॅडम, सगळं तिच्याच हातातून जातं."

पहिल्या फेरीत सगळं बरोबर यायचं. दुसऱ्या फेरीपासून काही पानं पलीकडे जुनीच पोचायची. सगळी नाहीत, काहीच. सगळी चुकली असती तर बरं झालं असतं, चूक सापडली असती. आपण तुझा भाग उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तू चिडून की-बोर्ड आपटलास आणि मग त्याच हातानं त्याला गोंजारलंस, कारण तो एकच होता.

मग तुला ताप आला. रोह्याला नेलं, तिथून पुढे पाठवलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला ते नीट समजलेलंही नाही. तू फोनवर बोलायचीस ते सगळं या 'आई'बद्दलच. शेवटच्या फोनला तुझा आवाज खोल गेला होता. म्हणालीस, "पुसल्यावर कायतरी राहतंय गो. दुसऱ्या फेरीपासून ती खोटं बोलते."

मी म्हटलं, "बरी होऊन ये, मग बघू."

"तू बघ ना तोवर."

"दोघी मिळून बघू."

तू म्हणालीस, "व्हय, भागूबाई." एवढंच. आपलं शेवटचं बोलणं हे. मी ते कितीदा उलटून पाहिलं असेल. त्यात काहीच नाही. निरोप नाही, भांडण मिटवणं नाही. मधूनच तुटलेलं आहे.

त्यानंतर मी शिकलेली गोष्ट सांगते. तू नसताना तुझी प्रत्येक आठवण मी ओलीच धरून बसते. बसस्टँडवरचा तुझा आवाज, तुझा तो अर्धा वडापाव मला द्यायचा आणि मिरची काढून घ्यायचा नियम. कशालाही हात लावला तर डाग पडेल, असं वाटतं. म्हणजे वाद तू जिंकलीस आणि वागते मी माझ्याच पद्धतीनं.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मयूरी, तिसरा भाग, ती 'आई', काढून टाक. त्याची उत्तरं चुकतायत. पहिल्या दोन पद्धती, कार्डाशिवायची साधी आणि तुझी थांबवून पाठवायची, एवढ्यांवर अहवाल पुरेसा होईल. सायलीचं नाव वर राहीलच."

नाव राहील आणि काम राहणार नाही. तिसरा भाग म्हणजेच तू होतीस. मी म्हटलं, "मॅडम, अहवाल द्यायच्या दिवसापर्यंत थांबा." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाला थांबा म्हटलं. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

तू सुचवल्यापासून आमच्या शेडमध्ये खरंच आईच ठिपके लावते. त्या आठवड्यात मी कॉलेजला जातच नव्हते, शेडमध्ये बसून राहायचे. आई मधून मधून माझ्याकडे बघायची. एका दुपारी मूर्ती बांधताना बाबांच्या बोटाला काळा रंग लागला. पापणी ओली. पाट कोरा.

मामा भडकला. "ताय, ठिपका कुठाय? ही मी आत्ता परत घेतली होती. पापणी जाड केली."

"लावलाय मी हिला ठिपका!" आई म्हणाली.

"कुठाय मग? देवानं पुसला?"

"मी पुसला," बाबा म्हणाले. "मागच्या फेरीला. तपासून."

आई गोंधळली. "पण मी हिला लावलेला. मला आठवतंय ना. लावलेल्याला परत कशाला लावू?"

सायली, मी उभी राहिले. मी जेवतही नव्हते धड, आणि उठून उभी राहिले. आईच्या डोक्यात होतं की या मूर्तीला ठिपका लावून झालाय. पाटावरचा ठिपका बाबांनी पुसला, आईच्या डोक्यातला कुणी पुसला? मूर्ती परत हाताखालून गेली, आईनं मनातल्या मनात म्हटलं, हिला लावलेलाय, आणि सोडून दिली.

तुझ्या 'आई'चंही तेच होतं. तो मधला भाग नेहमी लागणारे पत्ते वेगासाठी स्वतःजवळ आठवणीत ठेवतो. त्या आठवणीत 'याच्यावर खूण झाली आहे' असंही असतं. आपण पत्त्यांच्या तक्त्यातली, म्हणजे पाटावरची, खूण पुसत होतो, आठवण तशीच ठेवत होतो. मग कार्डानं त्याच पानावर परत लिहिलं तरी नवी खूण पडायची नाही. पुसल्यावर कायतरी राहतंय, तू म्हणाली होतीस. तुझ्या हाताला ते लागलेलं होतं. फक्त बोट ठेवायचं राहिलं होतं.

कॉलेजला जाऊन प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. पुसलं की त्या भागाला विसरायला लावायचं, एवढंच. चाललं. परत चालवलं, परत चाललं. एकही पान चुकलं नाही. मी वळून तुझ्या खुर्चीकडे बघितलं. सवय, दुसरं काही नाही.

नंतर कळलं की हे जगात सगळ्यांना माहीत होतं. खऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी ते केव्हाच करून ठेवलंय, आपणच तिथवर वाचलं नव्हतं. आपण काही नवीन शोधलं नाही, सायली. हे तुला सांगायला मला आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, "मग काय झालं, आपल्याला आपलं सापडलं." मला तसं म्हणता येत नाही. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर विश्वास बसला असता.

तिसरा भाग अहवालात राहिला. मॅडमनी वाचून मान हलवली. मला फार आनंद होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

मग मी वरशाला गेले. तुझा लॅपटॉप तिथेच होता, मशीन त्यावर चालू केली आणि शेजारी कॉलेजचा लॅपटॉप मांडला. काका, म्हणजे तुझे बाबा, पहिली पाळी करून आले होते, हातपाय धुऊन खुर्चीवर बसले. मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला. तुझ्या मशीनमधला तो आकडे मोजणारा प्रोग्राम, त्याचे आकडे कार्डातून निघून मोबाइलवर येत होते. काका चष्मा लावून बघत बसले. काकी आतून बाहेर आल्याच नाहीत. स्वयंपाकघरातूनच विचारलं, "पास झाली का ती?"

"झाली काकी," मी म्हटलं.

आकडे वाढत राहिले. मी बटण दाबलं. फेऱ्या झाल्या, हात वर झाले, हात खाली आले. आकडे वाढतच राहिले.

"कधी करणार?" काकांनी विचारलं.

"झालं काका."

"काय झालं?"

"ह्या लॅपटॉपमधून त्या लॅपटॉपमध्ये गेली. तुम्ही बघत होता तेव्हाच."

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "मला काय दिसलं नाय."

"दिसू नये, म्हणूनच तिनं एवढं केलं."

ते खूप वेळ आकडे बघत होते. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, दोघं ढकलत होते, हसत होते. तू गेल्यावर वरशात काहीही थांबलेलं नाही. घरं वाढतायत, रेतीचे ढीग आहेत, पोरं क्रिकेट खेळतायत. मला वाटलं, हे पण असंच झालं. कुणाला काय दिसलं नाय.

काकांनी तुझ्या लॅपटॉपवर हात ठेवला. "मग ह्याच्यात आता ती नाय?"

"ह्याच्यातली थांबलीय, काका."

"बंद झाली?"

"नाही. थांबलीय. बंद आपण करायची असते. दोन्हीकडे एकच मशीन चालली तर घोटाळा होतो, म्हणून पहिली काढून टाकतात."

"रीत हाय तर कर," काका म्हणाले. पण हात उचलला नाही.

तेव्हा काकी दारात आल्या. ओला हात पदराला पुसत म्हणाल्या, "राहू दे गो. चालवत नाय ना तिला कोण."

मी राहू दिली. हे चूक आहे. थांबलेली मशीन ठेवून काहीही उपयोग नसतो, ती पुढे एक आकडाही मोजणार नाही, आणि चालू करायचीही नाही. तरी, वीज गेली की ती थांबलेलीही पुसली जाते म्हणून, मी चार्जर लावला, काकांना म्हटलं, झाकण लावू नका, वायर काढू नका, आणि पेणची एस.टी. पकडली. खिडकीत बसून मी तुझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडत आले. तू म्हणाली असतीस, "भागूबाई, बंद कर ना, घाबरतेस काय?"

परवा वारा सुटला आणि तुमच्याकडची लाईट गेली. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी कशी आहे ते तुला माहीतच आहे, तू तिला रोज शिव्या द्यायचीस. सकाळी काकांचा फोन आला.

"मयूरी, लाईट आली. पण स्क्रीन काळी हाय. बटण दाबू का?"

ते थांबले. मग परत म्हणाले, "ऐकतेस ना गो? बटण दाबू?"

"नको काका," मी म्हटलं. "आता झाकण लावा."

झाकण लागल्याचा आवाज आला. "लावलं," ते म्हणाले.

त्यांनीही फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.